अबायाला खिसा

कमरुन्निसा मॅडमचा खिशांवर जुना राग होता. अमरावतीत वलगाव रोडच्या बाजूला एका उर्दू शाळेत त्यांनी एकतीस वर्षे मराठी शिकवले, त्यातली शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापक म्हणून काढली, आणि एवढ्या काळात पोरांच्या खिशांतून जे काही निघाले ते त्या आजतागायत विसरल्या नव्हत्या. भोवरे, कंचे, चिंचोके, निम्मी चोखून परत ठेवलेली गोळी आणि एकदा तर जिवंत बेडूक. माणसाला खिसा दिला की तो त्यात नको ते भरणारच, असे त्यांचे ठाम मत होते. बाईमाणसाला तर खिशाची गरजच नाही, कारण देवाने बाईला पर्स दिलेली आहे.

अशा मॅडमच्या सुनेने एका सकाळी चहा पिता पिता जाहीर केले की ती आता घरीच अबाये शिवून विकणार आहे आणि प्रत्येक अबायाला दोन खिसे असणार आहेत.

"दोन?" मॅडमनी विचारले. एकावर तडजोड झाली असती, असा याचा अर्थ नव्हता.

"एकात मोबाईल, एकात गाडीची चाबी," तहसीन म्हणाली. "अम्मी, तुमीच सांगा. स्कूटी चालवताना मी पर्स सांभाळू, का पदर सांभाळू, का ब्रेक दाबू?"

"मी आजपर्यंत एकदाही ब्रेक दाबलेला नाही. माझे काही अडले का?" मॅडम म्हणाल्या, आणि तहसीनने कप खाली ठेवला. कारण हे वाक्य मॅडम प्रमाण मराठीत बोलल्या होत्या. त्या घरात एरवी उर्दू आणि वऱ्हाडी यांची खिचडी चाले, मॅडमही त्यातच बोलत. पण राग आला की त्या सरळ पाठ्यपुस्तकात शिरत. त्यांचा मुलगा नागपूरला नोकरीला होता आणि फोनवर आईच्या तोंडून 'आजपर्यंत' किंवा 'यापुढे' असा एखादा शब्द आला की तो लगेच मीटिंग आहे म्हणून फोन ठेवून देई.

तहसीन बाळापूरची. शिवणकाम ती माहेरून शिकून आली होती आणि फॅशन मोबाईलवरून. मलेशियाच्या मुली काय घालतात, तुर्कस्तानच्या काय घालतात, हे तिला गल्लीतल्या बातम्यांइतके ठाऊक होते. मॅडमकडे स्वतःचे तीन अबाये होते. तिन्ही काळे, तिन्ही ढगळ, आणि त्यातला कोणता धुवायला टाकला व कोणता अंगावर आहे हे त्यांचे त्यांनाच कळे. तहसीनने शिवलेला पहिला अबाया मात्र निळसर-राखाडी रंगाचा होता. मऊ सुती कापड, पुढून बटणे, छोटी कॉलर, मनगटाला इलॅस्टिक, घेर एवढाच की स्कूटीवर बसता यावे पण चाकात जाऊ नये. जोडीला त्याच कापडाचा भला मोठा स्कार्फ. ते सगळे घालून, खाली पांढरे बूट चढवून आणि दोन्ही हात दोन्ही खिशांत घालून ती बैठकीत उभी राहिली.

मॅडमनी तिला टाचेपासून माथ्यापर्यंत तपासले. एक केस बाहेर नव्हता, मनगट बाहेर नव्हते. हरकत घ्यायला कुठेच जागा नव्हती आणि त्यामुळे त्या जास्तच चिडल्या.

"पायात खेळाच्या तासाचे बूट आहेत," त्या शेवटी म्हणाल्या.

"बूट सोडा. बाकी काय दिसून राह्यलं ते सांगा."

"तू दिसते आहेस. परद्यात असूनही उठून दिसते आहेस. हे योग्य नाही."

खरे भांडण मात्र अबायाचे नव्हतेच, बैठकीच्या खोलीचे होते. निवृत्तीनंतर त्या खोलीत उर्दू शाळेतल्या दहावीच्या मुलांसाठी मराठीचा वर्ग काढायचा, असे मॅडमच्या मनात होते. त्यासाठी त्यांनी फळासुद्धा आणून ठेवला होता. पण खोलीत तहसीनचे मशीन आले, मग कापडाचे ठाण आले, मग कात्रणे आली, आणि फळ्यावर खडूने कुणाकुणाच्या छातीचे आणि खांद्याचे माप दिसू लागले. एक दिवस शिक्षण खात्यातले एक निवृत्त साहेब मॅडमना भेटायला आले आणि सोफ्यावर बसले. बसले तसेच उठले. सोफ्यात टाचणी होती. साहेब सभ्य गृहस्थ होते, उभ्यानेच चहा पिऊन गेले, पण मॅडमची मान खाली गेली ती गेलीच.

त्या संध्याकाळी निकाल लागायचा, तेवढ्यात शेजारच्या सुभद्राताई मध्ये पडल्या. या मूळच्या तिवशाकडच्या शेतकरी घरातल्या, गल्लीतल्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष, आणि बोलावल्याशिवाय सल्ला द्यायला कधीही तयार.

"मॅडम, तुमी काहून एवढ्या तापून राहिल्या? अकोल्याले बचत गटाचं प्रदर्शन हाये, चार दिवसांचं. आमच्या गटानं पापड नेले तं बारा गट पापडच घेऊन येतात. औंदा तहसीनचे अबाये नेतो. विकले तं विकले."

"आणि नाही विकले तर?"

"तं मंग मशीन आपल्या बाळापूरले!" सुभद्राताईंनी परस्पर सांगून टाकले. मदत करायच्या भरात त्या नेहमी समोरच्याचे नुकसानच करून ठेवत.

मॅडमनी हे शब्द तिथल्या तिथे उचलले. अट ठरली. त्याच निळसर-राखाडी कापडाचे पंचवीस अबाये न्यायचे. चौथ्या दिवशी प्रदर्शन उठेपर्यंत पंचवीसही गेले तर बैठक तहसीनची. एक जरी उरला तर मशीन माहेरी आणि फळा पुसायचा. तहसीनने मान डोलावली, पण तिचा चेहरा उतरला. ते मशीन तिच्या लग्नात आले होते, आणि त्यावर बसली की ती गुणगुणत असे, हे मॅडमनाही ठाऊक होते.

अर्ज भरायला तहसीन आणि सुभद्राताईंबरोबर मॅडम स्वतः गेल्या. सुनेच्या बाजूने नव्हे, तर अर्जाच्या मराठीची काळजी वाटली म्हणून. कार्यालयाच्या छापील अर्जात त्यांना चार चुका सापडल्या. त्या त्यांनी पर्समधल्या लाल पेनने दुरुस्त केल्या. त्यामुळे अर्ज बाद झाला आणि नव्या अर्जासाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागले.

खिडकीमागे योगेश नावाचा कारकून होता. "वस्तूचा प्रकार?"

"अबाया," तहसीन म्हणाली.

योगेशने यादीवरून बोट फिरवले. "लोणचे-पापड हाये. मसाले हाये. गोधडी, साडी, परकर हाये. हे अबाया काई नाई इथं."

"मग 'इतर'मध्ये लिहा," मॅडमनी सुचवले.

"इतर फुल्ल झालं, मॅडम. पयल्याच दिवशी झालं. ज्याले काई समजलं नाई त्यानं इतरच भरलं." त्याने डोके खाजवले. "काय असते ते?"

"डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकणारे वस्त्र," मॅडमनी व्याख्या दिली.

"म्हणजे उन्हाचं काय?"

मॅडम तोंड उघडणार, तेवढ्यात सुभद्राताई पुढे झाल्या. "हो हो, उन्हातही चालते ते!"

योगेशचा चेहरा उजळला. त्याने खटाखट टाईप केले आणि पावती दिली. पावतीवर लिहिले होते, 'उन्हाळी उपयुक्त वस्तू, स्टॉल क्रमांक एकेचाळीस'. तिथे त्यांना शेजार मिळाला तो एका बाजूने मैनाबाई नावाच्या कुंभारणीच्या माठांचा आणि दुसऱ्या बाजूने कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्यांचा. वर कापडी फलक होता, 'उन्हापासून संरक्षण'. मॅडमनी तो पाहिला आणि पर्समधला लाल पेन चाचपला, पण फलक उंच होता.

आता अकोल्याच्या उन्हाबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे. मे महिन्यात अकोल्यात बारा वाजता रस्त्यावर जी बाई निघते ती सनकोट, स्कार्फ, हातमोजे आणि गॉगल एवढा सरंजाम करूनच निघते. डोळेसुद्धा दिसत नाहीत. त्या वेळी त्या रस्त्यावर हिंदू बाई कोणती आणि मुसलमान बाई कोणती हे ओळखून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. सख्खे नवरे घोटाळतात. हे सगळ्या वऱ्हाडाला माहीत आहे आणि कुणालाच त्याचे काही वाटत नाही.

तेव्हा पहिल्या दिवशी जी पहिली बाई स्टॉलवर आली तिने हात लावून विचारले, "हा सनकोट कितीले देल्ला?"

"हा सनकोट नाही," मॅडम म्हणाल्या. "हा अबाया आहे."

बाई गेली. दुसरी आली. तिलाही मॅडमनी तेच सांगितले, आणि जोडीला दोन्ही वस्त्रांतला फरक पाच मिनिटे समजावून दिला. तिसरीला समजले की नाही हे पाहण्यासाठी प्रश्न विचारला. अशा रीतीने पहिल्या दिवशी सव्वीस बायका आल्या आणि एकही अबाया गेला नाही. तहसीन स्टॉलच्या मागे स्टुलावर बसून खिशांत हात घालून जमिनीकडे पाहत राहिली. मुक्काम मॅडमच्या धाकट्या बहिणीकडे, अकोल्यातल्याच अकोट फैल भागात होता. तिची पांढरी स्कूटी चार दिवस यांच्या दिमतीला होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमची गाठ सत्यवतीबाईंशी पडली. या जठारपेठेतल्या एका जुन्या वकिलांच्या पत्नी, पासष्टीच्या, ताठ. बरोबर त्यांची सून प्रणाली. सत्यवतीबाईंनी कापड चिमटीत धरून विचारले, "हा सनकोट धुतल्यावर आटतो का?"

"सर्वप्रथम, हा सनकोट नाही."

"मग काय आहे?"

"अबाया."

"बटणे तर पुढे आहेत."

"बटणांवरून वस्तूचे नाव ठरत नाही."

"आणि नावावरून ऊन थांबत नाही," सत्यवतीबाई म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एवढे स्वच्छ मराठी दोघींनीही बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते. मागे दोन सुना उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिले आणि ताबडतोब खाली पाहिले. सत्यवतीबाई न घेताच निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी उन्हाने मॅडमचे बीपी वाढले आणि बहिणीने त्यांना दुपारी घरी ठेवून घेतले. नमाज झाली, जरा पडल्या, आणि चार वाजता रिक्षाने प्रदर्शनात आल्या तो एकेचाळीस नंबरसमोर ही गर्दी. सुभद्राताई स्टुलावर उभ्या राहून ओरडत होत्या, "खिसेवाला! खिसेवाला! घ्या बाई, मोबाईल मावते, चाबी मावते, नवऱ्याची एसटीची पास मावते!" कुणी त्याला सनकोट म्हणत होते, कुणी गाऊन, कुणी गाडीचा कोट. कॉलेजच्या चार मुसलमान मुली आल्या होत्या, त्यांनी अबाया घातला, खिसे सापडले, आणि चौघींनी एकदम किंकाळी फोडली. मग खिशांत हात घालून, पांढरे बूट पुढे करून मैनाबाईच्या माठांसमोर त्यांनी फोटो काढले. तहसीन धावत होती, माप लावत होती, हसत होती. मॅडमनी तिला असे हसताना अमरावतीत पाहिले नव्हते. हे त्यांच्या लक्षात आले, पण त्यांनी ते दाखवले नाही.

रात्री जेवताना तहसीन म्हणाली, "अम्मी, बावीस गेले!"

"किती अबाया म्हणून गेले?"

"म्हणजे?"

"अट अबाये विकण्याची होती. सनकोट म्हणून गेलेले मी धरणार नाही."

सुभद्राताईंचा घास हातात राहिला. "अवं मॅडम, कापड तेच, शिलाई तेच, घेणारीनं त्याले काईही म्हणो!"

"अशाने उद्या कोणी नमाजेच्या चटईला योगाची चटई म्हणेल. ते मी चालवून घ्यायचे का?" मॅडमनी विचारले. तहसीन ताट घेऊन उठली.

चौथा दिवस. पंचविसातले तीन उरले होते. त्यातला एक तहसीन कुणालाच देत नव्हती. गिऱ्हाईक आले की म्हणे, "तो गेलेला हाये." मॅडमनी हे दोनदा ऐकले आणि दोनदा संशय घेतला. दुपारी तीनच्या सुमारास सत्यवतीबाई पुन्हा आल्या, कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "ते जे काही आहे, त्याचे दोन द्या," आणि ऊन फार होते म्हणून सासूसुनांनी तिथल्या तिथे अंगावर चढवले.

मॅडमना हा सोहळा बघवला नाही. त्या मागे सरल्या, आणि आणखी मागे सरल्या, आणि मैनाबाईच्या माठांच्या उतरंडीला पाठीने टेकल्या. माठांना नुकताच ओला गेरू लावला होता. त्या पुढे आल्या तेव्हा काळ्या अबायावर पाठभर लाल गोल उमटले होते.

"मॅडम, मांगून बिंदीवानी दिसून राह्यलं," मैनाबाई कळवळून म्हणाली. यानंतर मॅडमना त्या अवस्थेत गावातून जाणे शक्य नव्हते.

तहसीनने उरलेला पंचविसावा पुढे केला. मॅडमनी पडद्यामागे जाऊन तो घातला. खांदे बरोबर बसले. बाह्या बरोबर मनगटावर आल्या. त्यांच्या डाव्या खांद्याला जरा उतार आहे, तो शिंप्यांना वीस वर्षांत कळला नव्हता, तोही धरलेला होता. आणि या अबायाला वरून कुठे खिसा दिसत नव्हता.

"हा कोणाच्या मापाचा आहे?" त्यांनी विचारले.

"तुमच्या," तहसीन म्हणाली आणि चाबी घेऊन पार्किंगकडे गेली. मॅडमची पर्स तिने आधीच डिकीत टाकली होती.

पार्किंगच्या फाटकाशी हातभर सावली होती. त्या सावलीत दोन वयस्क बायका एकमेकींना पाठ करून उभ्या होत्या. दोघींच्या अंगावर निळसर-राखाडी, डोक्यातोंडाला तोच स्कार्फ, डोळ्यांना काळा गॉगल. आतून दोन पांढऱ्या स्कूटी एकामागून एक आल्या. चालवणाऱ्याही दोन्ही निळसर-राखाडीत. मॅडम जिच्यामागे बसल्या ती प्रणाली होती. तहसीनच्या मागे सत्यवतीबाई बसल्या. आपल्याला हे दिसते आहे, त्या चौघींना दिसत नव्हते. उन्हाने सगळ्यांचे डोळे अर्धे मिटलेले होते.

मॅडमचे मन भरून आले होते, आणि मन भरून आले की त्या रागावत. रागावल्या की प्रमाण मराठीत. "तुला मी स्पष्ट सांगितले होते," त्यांनी पहिल्याच वळणावर सुरुवात केली. "चारचौघांत घराण्याची शोभा करायची नाही. घरात मोठे माणूस आहे, त्याचे मत काय आहे, हे विचारण्याची पद्धत तुझ्या माहेरी नाही का?"

प्रणालीने "हो" म्हटले. स्कार्फमधून आणि वाऱ्यात आवाज दबून येत होता, आणि तिला यात नवीन काहीच वाटले नाही. तिच्या घरी रोज याच वेळी हीच वाक्ये होत असत.

"रंग कोणता घ्यावा, याला काही मर्यादा आहे. आणि जे आवडले ते लगेच उचलायचे. खोली भरून सामान झाले आहे. पाय ठेवायला जागा नाही."

"हो," प्रणाली म्हणाली. तिने कालच माठ घेतला होता, परवा वाळ्याची ताटी.

"आणि तुझे हे 'हो' मला ठाऊक आहे. माझे तू काहीही ऐकत नाहीस."

सिग्नल लागला. गाडी थांबली. प्रणालीने मागे न बघता एकदम सांगून टाकले, "सारं ऐकतो. तीन वर्षांपासून ऐकूनच राहिलो. पण तुमी मले आजपर्यंत एकदा तरी म्हटलं काय, का हे बरं केलंस म्हणून? एकदा?"

मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला. सिग्नल सुटला होता. गाडी निघाली. तहसीन असे कधी बोलली नव्हती. तिच्या लग्नालाही तीनच वर्षे झाली होती. मॅडमनी मनातल्या मनात ती तीन वर्षे पहिल्यापासून तपासली, वह्या तपासाव्यात तशी, आणि कुठल्याच पानावर त्यांना आपला 'छान' असा शेरा सापडला नाही. एकतीस वर्षांत परक्यांच्या पोरांना त्यांनी हजारो वेळा 'छान' दिले होते. त्यांना फार वाईट वाटले.

"कापड चांगले निवडलेस," त्या शेवटी म्हणाल्या. "बेतही चांगला आहे. माझा खांदा उतरता आहे, हे आजवर कोणाच्या लक्षात आले नव्हते. तू हुशार मुलगी आहेस. मी म्हणाले नाही, हे माझे चुकले."

प्रणालीचा हात ब्रेकवर गेला. सासूबाईंना ऊन लागले, असे तिला वाटले, आणि तिने गाडी जितक्या वेगाने घराकडे नेता येईल तितकी नेली.

गाडी थांबली ती एका फाटकासमोर. आत तुळशीवृंदावन होते आणि दारावर वकिलांची पाटी होती. मॅडम उतरल्या, गॉगल काढला. समोरच्या मुलीनेही काढला. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या.

"तू कोण?" मॅडमनी विचारले.

"प... प्रणाली."

"कोणत्या वर्गातली?" मॅडमच्या तोंडून निघून गेले. एकतीस वर्षांची सवय होती, त्याला त्या तरी काय करणार?

"अवं माय!" प्रणाली ओरडली. "मंग आमच्या आई कुठी गेल्या?"

तिने फोन लावला. फोन घरातच टीव्हीच्या बाजूला वाजू लागला, कारण सत्यवतीबाई तो चार्जिंगला लावून गेल्या होत्या. मॅडमचा फोन पर्समध्ये, पर्स डिकीत, आणि डिकी तहसीनजवळ. तहसीनचा नंबर मॅडमना पाठ नव्हता. बहिणीचा नव्हता. मुलाचासुद्धा नव्हता. शाळेचा जुना नंबर तेवढा पाठ होता, पण तो आता कुणी उचलत नसे. प्रणाली रडकुंडीला आली. "आई त्या बिचारीले बोलून बोलून मारून टाकतील," ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते आठवून तिने तोंडावर हात ठेवला.

मॅडमनी घाबरून अबायाचा घेर मुठीत धरला, आणि उजव्या शिवणीत त्यांच्या बोटांना एक फट लागली. हात आपोआप आत गेला. खिसा होता. वरून न दिसणारा, शिवणीत लपवलेला, खोल. आत दोन पेपरमिंटच्या गोळ्या होत्या, कागदात गुंडाळलेली बीपीची गोळी होती आणि एक चिठ्ठी होती.

ही चिठ्ठी पाहून मॅडम पायरीवर बसल्या. त्याचे कारण असे की दरवर्षी चिखलदऱ्याच्या सहलीला त्या पहिलीच्या प्रत्येक पोराच्या छातीला अशीच चिठ्ठी टाचत. नाव, पत्ता, हरवल्यास कोणाला कळवावे. मुलाने ही गोष्ट कधीतरी बायकोला सांगितली असणार. चिठ्ठीत तहसीनच्या अक्षरात लिहिले होते: 'नाव: कमरुन्निसा मॅडम (आमच्या अम्मी). बीपीची गोळी चार वाजता. हरवल्यास तहसीनला लगेच कळवने.' खाली नंबर होता. चिठ्ठीत शुद्धलेखनाची एक चूक होती. मॅडमनी ती तशीच राहू दिली.

चार वाजून वीस मिनिटे झाली होती. त्यांनी प्रणालीकडून पाणी मागून गोळी घेतली, एक पेपरमिंट तिच्या हातावर ठेवली आणि मग नंबर सांगितला.

तहसीन अर्ध्या तासात आली. मागे सत्यवतीबाई होत्या. अकोट फैलात त्या मॅडमच्या बहिणीच्या दारात उतरल्या, तेव्हा "सलाम आलेकुम, आपा" म्हणून त्यांचे स्वागत झाले होते, आणि काही कळायच्या आत त्यांना लिंबाचे सरबत आणि शेवयांची वाटी मिळाली होती. शेवया छान होत्या, असे त्यांनी उतरता उतरता सांगितले.

"तुमची सून फार समजूतदार आहे," त्या मॅडमना म्हणाल्या. "मी वाटभर बोलले. एका शब्दाने उलट बोलली नाही."

"तुमची बोलली," मॅडम म्हणाल्या. "फार बरे बोलली. तिचे ऐका." प्रणाली घरात पळाली.

परत निघताना मॅडम लगेच बसल्या नाहीत. "गॉगल काढ," त्यांनी सांगितले. "नाव?"

"अम्मी, मी तहसीन."

"कुठली?"

"बाळापूरची." मग त्या बसल्या.

रेल्वे पुलावर गर्दीत गाडी हळू झाली, तेव्हा तहसीनने समोर बघतच विचारले, "मशीन बाळापूरले कधी पाठवायची?"

मॅडमना जे सांगायचे होते ते सगळे मघाशी सांगून झाले होते, पण चुकीच्या सुनेला. पूर्ण उत्तर भलत्याच्या वहीत लिहून बसल्यासारखे झाले होते, आणि ते सगळे पुन्हा पहिल्यापासून म्हणायला त्यांची जीभ वळेना. हात मात्र मघापासून खिशात होता. आत एक पेपरमिंट उरली होती.

"किती उरले?" त्यांनी विचारले.

"एक. तुमच्या अंगावरचा."

"तो मी घेतला. अबाया म्हणून घेतला. बाकीच्यांनी काय म्हणून घेतले, ते त्यांचे त्या बघतील." त्यांनी डावी शिवण चाचपली. "याला खिसा एकच आहे."

"तुमाले आवडत नाई म्हणून लपवून लावला. रागावू नका..."

"डावा हात मी कुठे ठेवू? त्या बाजूनंही लाव. आणि फळ्यावरची मापं तशीच राहू दे, पण सोफ्यावरच्या टाचण्या आधी वेच."

तहसीनचे खांदे हलले. हसत होती की रडत होती, हे मागून कळत नव्हते, पण स्कूटी मात्र भर पुलावर चांगलीच डगमगली. मॅडमनी डाव्या हाताने तिची कंबर घट्ट धरली.

"समोर पाह्य न, बाप्पा," त्या म्हणाल्या. "बरं केलंस तू."